आल्याबरोबर ‘कधीपासून?’ का विचारता

“मॅडम, इथं मानूस तडफडून रायला अन् तुमी कधीपासून, कधीपासून कायले इचारता? पयले सलाइन लावा नं!”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एकोणीस वर्षं नर्स आहे आणि तितकीच वर्षं हा प्रश्न ऐकते आहे. बहुतेक वेळा रागात, कधी रडत. बरं होऊन घरी गेलेली माणसंही पुढे भेटली की हळूच विचारतात, तेव्हा का हो एवढं खोदून विचारत होता? इमर्जन्सीत उत्तर द्यायला वेळ नसतो. ‘आल्याबरोबर कधीपासून का विचारता?’ असं तुम्हीही विचारलंत, म्हणून आज बसून लिहिते.

लकव्यापासून सुरुवात करते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचं रक्त बंद होतं आणि मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरत जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याच्याही आधी सीटी स्कॅन, कारण आत गुठळी नसून रक्तस्राव असेल तर त्याच इंजेक्शननं जीव जाईल. आमच्याकडे सीटी नाही. ती जिथं आहे ते गाव पंचावन्न किलोमीटरवर. आता मला सांगा, साडेचार तासांतले किती उरलेत हे कळल्याशिवाय मी तिकडे फोनवर काय सांगू?

आणि वेळ कोणती धरायची, तर माणूस पडलेला दिसला ती नव्हे. तो शेवटचा धडधाकट कोणी, केव्हा पाहिला, ती. पहाटे पाचला बायकोला नवरा अंथरुणात तोंड वाकडं होऊन पडलेला दिसला आणि रात्री दहाला तो बोलून झोपला होता, तर घड्याळ रात्री दहापासून सुरू होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. साठीच्या आतले एक शेतकरी आले, उजवा हात लुळा, बोलणं बंद. बायको म्हणाली, “सकाऊनपासून.” मी चिठ्ठीवर तसंच लिहिलं, ‘सकाळपासून’, आणि गाडीत बसवलं. दोन दिवसांनी भाऊ कागद न्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, साडेदहाला तर त्यानं माझ्यासोबत चहा घेतला, बैल सोडले, मग पडला. आमच्याकडे ते पावणेबाराला पोचले होते. त्या बाईची सकाळ म्हणजे साडेदहा आणि चिठ्ठी वाचणाऱ्या डॉक्टरांची सकाळ म्हणजे सहा. इंजेक्शन मिळालंच असतं असं मी म्हणू शकत नाही. ते न देण्याची दुसरी कारणंही असतात. पण त्यांचा तो दरवाजा माझ्या एका शब्दानं बंद केला होता. ते जगले, मात्र उजव्या हातात पुन्हा कासरा धरू शकले नाहीत.

तेव्हापासून मी घड्याळ विचारत नाही. आमच्या गावांमध्ये वेळ घड्याळानं सांगतच नाहीत. “ढोरं सोडली तवा बोलून रायले होते का? लाइन गेली तवा? दुपारची एसटी आली तवा?” असं विचारलं की उत्तर अगदी नेमकं येतं, कारण एसटी आणि लाइन यांच्या वेळा अख्ख्या गावाला पाठ. मग ते मी तासामिनिटांत मांडून चिठ्ठीवर लिहिते आणि खाली लिहिते, कोणी पाहिलं.

एकीकडे हातही चालूच असतात. बोट टोचून शुगर बघते, कारण शुगर फार उतरली तरी माणूस हुबेहूब लकवा झाल्यासारखा दिसतो. आणि विचारते, “काही पाजलं का?” घाबरलेली माणसं पहिल्यांदा पाणी पाजतात, कोणी चहा. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतील तर ते पाणी फुप्फुसात जातं आणि चार दिवसांनी लकव्याऐवजी न्यूमोनियाशी झगडत बसावं लागतं. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ साली प्रसिद्ध केला. सात मृत्यूंमागे साधारण एक लकव्यानं झालेला होता. खेड्यातला लकवा ही एवढी मोठी गोष्ट आहे, आणि अजूनही माणसाला आधी झाडपाल्याच्या औषधाला नेऊन मग आमच्याकडे आणतात.

कॅन्सरमध्ये हाच प्रश्न तासांवरून महिन्यांवर जातो. तोंडातल्या व्रणाला दोन आठवडे होऊन गेले आणि तो भरत नसेल तर तो दाखवायलाच हवा. पण आमच्याकडे मी त्याच्याही मागे जाते. “तिखट कधीपासून झोंबते? गुपचूप पूर्ण तोंडात जाते का?” गुपचूप म्हणजे पाणीपुरी. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, खाणाऱ्या पोरांना हे विचारलं की ती चमकतात, यांना कसं कळलं म्हणून. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, पांढरी पडते, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर मी त्याला त्याच दिवशी दंतवैद्यांकडे बसवते. कॅन्सर अजून झालेला नसतो, पण वाट तीच असते. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटण्याचा आवाज आजही सकाळी सातपासून येतो. बावीस वर्षांचा पोरगा दीड बोट तोंड उघडून दाखवतो तेव्हा मला झोप येत नाही.

इथवर सगळं हिशेबाचं झालं. ‘कधीपासून’ची खरी अडचण वेगळी आहे आणि ती समजायला मला बरीच वर्षं लागली. आम्ही विचारतो वेळ, समोरच्याला ऐकू येतो आरोप. इतके दिवस काय करत होता?

छातीत गाठ घेऊन एक बाई आली. नवरा शेजारी उभा. कधीपासून? “आठ दिवस झाले.” गाठ लिंबाएवढी होती, वरची कातडी आत ओढलेली. आठ दिवसांची नव्हतीच. नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवलं, पडदा ओढला आणि विचारलं, “बाई, पयल्यांदा हाताले कधी लागली?” ती वर छताकडे बघत म्हणाली, “मायच्या तेरवीले.” माय जाऊन किती दिवस? “येत्या नागपंचमीले वर्ष होते.” गाठ दुखत नव्हती म्हणून ती गप्प होती. छातीतली कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही, हीच तिची फसवणूक. मध्ये मुलीचं लग्न झालं, कापूस वेचून झाला. तिला काही कळत नव्हतं असं मुळीच नाही. तिला घरातल्या सगळ्यांचं आधी उरकायचं होतं.

किमो घेऊन गावी परतलेल्यांना मी एकच सांगते. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा १००.४ ताप दिसला की घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा, आणि आल्या आल्या डोसची तारीख सांगा. तसंच कॅन्सरच्या माणसाची पाठ दुखायला लागली आणि पाय जड पडले, लघवी अडली, तर मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो पुढेही चालण्याची शक्यता जास्त. म्हणून तिथंही तेच विचारते, पाय कधीपासून जड?

मागच्या पावसाळ्यात रात्री एक बारावीतला मुलगा आईला घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली होती. आई गुंगीत होती. मी तिला कुशीवर वळवून ऑक्सिजन बघत होते. मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. शेवटी म्हणाला, “मॅडम, माय तडफडून रायली होती अन् मी मोबाइल धरला. बहिणीनं तिले कुशीवर वळवलं. लोकं कांदा, चप्पल हुंगवाले म्हणत होते, ते नाही करू देलं. सगळे मले शिव्या देऊन रायले.”

मी मोबाइल मागितला. व्हिडिओत उजव्या हाताची बोटं आधी आखडलेली दिसत होती, मग हात, मग चेहरा, मग सगळं अंग. मी तो दोनदा पाहिला. त्याला सांगितलं, हा पुसू नको, नागपूरला डॉक्टरांना सगळ्यात आधी हाच दाखव. मग चिठ्ठी लिहायला घेतली आणि विचारायच्या आधीच तो म्हणाला, “नऊ वाजून चाळीस मिनिटं. वरणाले फोडणी देऊन रायली होती. तोवर चांगली होती, मी पाहिलं.”

मी तसंच लिहिलं. ‘रात्री ९.४० पर्यंत व्यवस्थित. झटका उजव्या हाताच्या बोटांपासून सुरू. कालावधी २ मिनिटे १० सेकंद. पाहणारा : मुलगा.’