शनिवारच्या मॅचचा ज्वर

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसमध्ये सध्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलशिवाय दुसरा विषयच नाही. २१ डिसेंबर २०२४ला आमचं ओहायो स्टेट विद्यापीठ विरुद्ध टेनेसी विद्यापीठ, तीही घरच्या मैदानावर! यंदा प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांमध्ये, चाराऐवजी बारा टीम घेतल्या, म्हणून हा योग.

आज लंचला दोन तट पडले. एक म्हणे, दक्षिणेतली पोरं इथल्या थंडीत गारठतील. दुसऱ्याने हातातलं सँडविच नाचवत सुनावलं, "मिशिगनकडून १३-१० हरलो, सलग चौथं वर्ष! तेव्हा कुठे गेली होती थंडी?" कोच रायन डे यांच्यावर मग सगळ्यांनीच तोंडसुख घेतलं. मला विचाराल तर बॉल घेऊन मैदानाच्या मधल्या भागातूनच धावत घुसायचा हट्ट नडला. जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा खेळाडू) असताना बॉल लांब फेका की!

टेनेसीवाल्यांनी म्हणे ढिगाने तिकिटं उचललीत. लाखभराच्या स्टेडियममध्ये त्यांचा केशरी रंग किती दिसतो, यावर पिझ्झाची पैज लागलीय.