लॅक्स्टन: जिथे बांध कोरला की आजही दंड होतो

इंग्लंडमधल्या बहुतेक गावांची सामाईक शिवारं एकोणिसाव्या शतकापर्यंत कुंपणं घालून खाजगी झाली. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनला मात्र वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन मोठी शिवारं अजून उघडी आहेत. प्रत्येकात अनेक शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मध्ये कुंपण नाही.

फेरपालट तीन वर्षांची: पहिल्या वर्षी हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायचं पीक, तिसऱ्या वर्षी जमीन पडीक किंवा गवताखाली. दरसाल एक शिवार विसावतं.

खरी गंमत नोव्हेंबरअखेरीस. पंच नव्याने गहू पेरलेल्या शिवारात फिरतात. तेच का? तिथे नुकताच नांगर फिरलेला असतो, म्हणून हद्दी तिथेच सरकतात. नांगराची एक रेघ जास्त ओढली की शेजाऱ्याची जमीन, रस्ता किंवा गवताची सामाईक पट्टी खाल्ली जाते. पंच नजर लावून रेषा धरतात आणि हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. आठवड्याभराने गावच्या डव्हकोट इन या पबात ‘कोर्ट लीट’ हे गावचं जुनं न्यायालय भरतं आणि दंड ठरतात. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चाललेले पाहणाऱ्या आपल्याला या व्यवस्थेचं मोल वेगळं सांगायला नको.

मार्क पिअर्सने १६३५ साली केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टी दिसते, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसंही. तो नकाशा जरूर बघा.