बिअर गेम आणि संध्याकाळचा वर्ग

पार्टटाइम एमबीएचे माझे विद्यार्थी चाकणहून शिफ्ट संपवून येतात. त्यांना नुसत्या स्लाइड दाखवणं मला पटत नाही. म्हणून संगणकावर 'बिअर गेम' लावते, बिअरच्या पुरवठा साखळीचा खेळ, १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला. त्यात चार भूमिका: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना; प्रत्येक जण पुढच्याकडे ऑर्डर टाकतो. ग्राहकाची मागणी आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि तिथेच राहते. एवढंच! पण माल उशिरा पोहोचतो, खरी मागणी फक्त दुकानदाराला दिसते, आणि घाबरून प्रत्येक जण जास्तीची ऑर्डर टाकतो. कारखान्यापर्यंत ती फुगत जाते, मग गोदामं तुंबतात.

स्टोअर्स सांभाळणारा एक जण आलेख बघून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दर दिवाळीआधी हेच होतं." मग खरी विक्री पुरवठादाराला दाखवावी का, यावर वर्ग वॉचमन येईपर्यंत भांडला.