वसुलीचे फोन आणि दुधाची वही

२०२३ च्या पावसाळ्यात माझा पगार दोन महिने रखडला आणि एका खासगी बँकेच्या वैयक्तिक कर्जाचे दोन हप्ते थकले. चूक माझीच असल्यामुळे सुरुवातीला वसुली एजंटचा प्रत्येक फोन मी ओशाळून घेत होतो. पुढे मात्र फोन सकाळी सव्वासातला आणि रात्री साडेनऊलाही येऊ लागले, आणि एका रविवारी माझ्या मोठ्या बहिणीला फोन करून ‘तुमच्या भावाला पैसे बुडवायचे आहेत का?’ असे विचारण्यात आले. ताई जामीनदार नव्हती. अर्जात संदर्भ म्हणून तिचा नंबर दिला होता, एवढेच.

त्या रात्री मी नियम शोधला. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करता येत नाही. धमकावणे, निनावी किंवा सतत फोन करणे, नातेवाईक, मित्र आणि संदर्भ व्यक्तींच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करणे, यांनाही मनाई आहे. (मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिलेल्या छोट्या कर्जांसाठी ही वेळ आणखी आवळलेली, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे.) ‘सतत’ म्हणजे दिवसाला किती फोन, हा आकडा मात्र परिपत्रकात नाही, आणि माझ्या मते एजंट नेमके याच फटीतून शिरतात. म्हणून मी संख्येवर वाद घालण्याऐवजी घड्याळ धरून बसलो.

दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी तारीख, वेळ, नंबर आणि बोलणाऱ्याने सांगितलेले नाव लिहू लागलो. नाव विचारले की बहुतेक जण फोन ठेवून देत. एकाच आवाजाने सोमवारी एक आडनाव सांगितले आणि गुरुवारी दुसरे. अकरा दिवसांत ४३ नोंदी झाल्या, त्यांतल्या १४ वेळेबाहेरच्या होत्या.

शाखेत गेलो तेव्हा ‘ते एजन्सीचे काम, आमच्या हातात काही नाही,’ असे उत्तर मिळाले. वास्तविक एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच असते, असे ते परिपत्रकच सांगते. मी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, वहीतल्या नोंदी आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडले आणि तक्रार क्रमांक जपून ठेवला. आठवड्याने आलेल्या छापील दिलगिरीत फोनच्या वेळांबद्दल अवाक्षर नव्हते.

बँकेचे उत्तर समाधानकारक नसेल, किंवा तीस दिवसांत उत्तरच आले नाही, तर बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते; त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात मनस्तापाची तीन पाने होती. ती काढून मी फक्त चौदा नोंदींचा तक्ता, ताईला आलेल्या फोनची तारीख आणि बँकेचे उत्तर एवढेच ठेवले. लोकपाल कार्यालयाने बँकेकडे खुलासा मागितल्यावर काही आठवड्यांनी बँकेने माझे प्रकरण त्या एजन्सीकडून काढून घेतल्याचे आणि ताईचा नंबर यादीतून वगळल्याचे लेखी कळवले. नुकसानभरपाई मी मागितली नव्हती.

त्यानंतर एकच फोन आला, सकाळी अकराला, बँकेच्याच कर्मचाऱ्याचा. त्याने आपले नाव आधी सांगितले आणि मग हप्त्याची तारीख विचारली. दोन्ही हप्ते मी दंडासकट दिवाळीपूर्वी भरले.