न उगवलेल्या सोयाबीनचा सामूहिक दावा: कागद जमवताना

सोयाबीन चांगल्या वापशावर (पेरणीजोग्या ओलीवर) चार ते सात दिवसांत वर यायला हवे. आठव्या दिवशी तास (पेरणीच्या ओळी) रिकामे दिसले की शेतकरी दुबार पेरणीच्या तयारीला लागतो, आणि त्याचे बरोबरच असते, कारण पंधरवडा गेला की हंगाम जातो. पण भरपाईचा दावा उभा राहतो की नाही, हेही याच पंधरवड्यात ठरते. रान मोडले की पुरावा मोडला. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगासाठी एकाच लॉटच्या (एकाच खेपेच्या) बियाण्याचे बऱ्याच जणांचे कागद एकत्र करताना आम्हाला हे पदोपदी जाणवले.

म्हणून पहिला कागद तक्रार अर्जाचा. तो तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे प्रत्येकाने स्वतंत्र द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच निघायचे. गावाचा मिळून एकच अर्ज दिला तर पुढे कोणी जमिनीच्या कोणत्या गटात किती पेरले, याचा मेळ लागत नाही. अर्जात गट नंबर, पेरलेले क्षेत्र, पेरणीची तारीख, वाण, लॉट नंबर, दुकानाचे नाव आणि बिल क्रमांक हवा. त्यावर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येते. पाहणी होईपर्यंत रान मोडायचे नाही. अगदीच थांबता येत नसेल तर निदान पेरणीच्या दोन-चार ओळी तशाच ठेवायच्या.

पंचनाम्यात ‘उगवण कमी’ एवढेच लिहून चालत नाही. 45 बाय 5 सेंटिमीटर अंतर धरले तर चौरस मीटरला सुमारे 44 रोपे बसतात. शेतात चार-पाच ठिकाणी चौकट टाकून प्रत्यक्ष रोपे मोजायला लावा आणि आकडे लिहून घ्या. आणखी तीन गोष्टी बघा: लॉट नंबर लिहिला का, पेरणीची खोली लिहिली का, कंपनीच्या प्रतिनिधीला कळवल्याची नोंद आहे का. खोली महत्त्वाची, कारण सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरच्या खाली गेले तर चांगले बियाणेही रुसते, आणि समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा तोच असतो. दुसरा मुद्दा पावसाचा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये अशी शिफारस आहे. आपल्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. पेरणीआधीच्या पंधरा दिवसांची ती पाने काढून ठेवा.

सगळ्यात जास्त दमवले ते टॅगने. पिशवीच्या तोंडाला शिवलेली ती हातभर दोऱ्याची चिठ्ठी पेरणीच्या घाईत बांधावर पडते, नाहीतर पिशवीसकट चुलीत जाते. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, सत्यदर्शक (कंपनी स्वतःच्या हमीवर विकते त्या) बियाण्याचा हिरवा. त्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वैधता असते. सोयाबीनच्या उगवणीचे किमान प्रमाण 70 टक्के. टॅग हरवला असेल तर बिलावरचा लॉट नंबर कामी येतो, पण ‘सोयाबीन 2 बॅग’ एवढेच लिहिलेली बिले आमच्याकडे ढिगाने आली. अशा वेळी दुकानातून लॉट नंबरसह बिलाची दुसरी प्रत लेखी मागायची. बियाणे नियम 1968 प्रमाणे विक्रेत्याने प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवायची असते. तोंडी नकार मिळाला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवून पोचपावती जोडायची. मशीनची बिले उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवली की कोरी होतात, त्यामुळे मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा.

उरलेले बियाणे असेल तर ते बियाणे निरीक्षकामार्फतच सीलबंद करून शासकीय प्रयोगशाळेत पाठवा. सोयाबीनचे साल नाजूक असते, आदळआपट आणि ओल याने उगवणशक्ती लवकर जाते. दोन महिने घरात पडलेल्या पिशवीचा अहवाल कमी आला तरी ‘तुम्ही नीट ठेवले नाही’ म्हणायला जागा राहते. उरलेले नसेल तर घाबरू नका. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहकच आहे असे सांगितले, आणि पेरणीतून नमुना बाजूला काढून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही हेही मान्य केले. बियाणे विकत घेतलेल्या प्रत्येकाने हा निकाल माहीत करून घ्यावा.

महसुली कागदांत सातबारा, आठ-अ (खाते उतारा) आणि ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची पिकाची नोंद. इथे एक खड्डा आहे. सोयाबीन मोडून तूर किंवा उडीद पेरला आणि ई-पीक पाहणी नंतर केली, तर सातबाऱ्यावर सोयाबीन दिसतच नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि दुबार पेरणीच्या बियाण्याचे बिल जोडावे लागते. बिल मुलाच्या नावावर आणि जमीन वडिलांच्या, असे तर घरोघरी असते. त्याला संमतीपत्र लागते. ज्यांनी घरचे बियाणे मिसळून पेरले त्यांना आम्ही बाजूला ठेवले. वाईट वाटले, पण एका अशा फाइलमुळे सगळ्या गटावर शंका येते.

सामूहिक तक्रारीसाठी ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 35(1)(c) खाली आयोगाची परवानगी मागावी लागते. हितसंबंध सारखा आहे हे अर्जातच उघड दिसले पाहिजे: तीच कंपनी, तोच लॉट, तोच दोष, त्याच प्रकारची मागणी. ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बघितले. तिथल्या तक्रारदारांना सगळ्या घरमालकांच्या वतीने बोलता आले नाही, फक्त स्वतःपुरती संयुक्त तक्रार चालवता आली. त्यामुळे दोन लॉट असतील तर दोन गट करा. परवानगी मिळाल्यावर इतरांना कळवण्यासाठी जाहीर नोटीस द्यावी लागते, तिचा खर्च आधीच वर्गणीत धरा.

शुल्काची भीती नको. बियाण्यासाठी सगळ्यांनी दिलेल्या किमतीची बेरीज 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क शून्य. तीन हजारांची पिशवी धरली आणि दीडशे पिशव्या झाल्या तरी बेरीज साडेचार लाख. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.

मागणीचे आकडे एकाच सूत्रात बसवा: एकरी बियाणे, खत, पेरणीचे भाडे आणि बुडालेले उत्पन्न. उत्पन्नासाठी मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाचा (निवडक शेतांतले पीक कापून काढलेल्या सरकारी सरासरीचा) आकडा आणि हमीभाव घ्या (2024-25 ला क्विंटलमागे 4892 रुपये). ‘अमक्याला बारा क्विंटल झाले’ याला वजन नाही. दुबार पिकाचे आलेले उत्पन्न स्वतःहून वजा करून दाखवा.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की दबतात आणि तारीख-वेळेची मूळ माहिती जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो ज्या फोनमध्ये काढला त्यातच राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे, प्रमाणपत्र देताना तो फोन कोणाचा, हे लिहावे लागते.

आयोगात द्यायच्या संचात छायांकित प्रतीच लावा, प्रत्येक पानाला क्रमांक आणि पुढे अनुक्रमणिका. मूळ टॅग आणि मूळ बिल गटप्रमुखाकडेसुद्धा जमा करू नका. ज्याचे त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवायचे आणि तपासणीच्या तारखेला स्वतः घेऊन यायचे.