ताडपत्रीखालचे पाणी

दिवाळीला तीन आठवडे उरले असताना, मालवणहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकांचा मला फोन आला. पावसाळाभर बंद ठेवलेला पोहण्याचा तलाव त्यांनी नुकताच उघडला होता. पाणी हिरवट आणि गढूळ होते, आदल्या दिवशी उतरलेले दोन पाहुणे डोळे चोळतच बाहेर आले होते आणि तलावाच्या काठाशी नुसते उभे राहिले तरी औषधाचा वास नाकात भरत होता. "मॅडम, आमच्या काकांनी क्लोरीन फार मारलंय. ते उतरवायचं कसं, तेवढं सांगा," असे त्यांचे म्हणणे होते. तेवढ्यात तलावाची देखभाल करणाऱ्या काकांचा आवाज मला मागून ऐकू आला, "जास्ती खय झाला? त्या हायपोत काय्येक जोर नाय!" हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, तलावात घालायचे द्रवरूप क्लोरीन.

एकाच पाण्याविषयी दोन माणसे अगदी उलट बोलत होती आणि दोघेही रोज त्या पाण्याजवळ वावरणारे होते. अशा वेळी फोनवर सल्ला देणे मला पटत नाही. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच कुडाळहून निघाले.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि गेली अकरा वर्षे सिंधुदुर्गातील हॉटेलांच्या व बंगल्यांच्या तलावांचे पाणी तपासण्याचे काम करते. हा तलावही माझ्या ओळखीचा होता. 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल, म्हणजे सुमारे 1,26,000 लिटर पाणी. मे महिन्याच्या अखेरीस तो बंद करतेवेळी मीच शेवटची तपासणी केली होती आणि त्या दिवसाचे आकडे माझ्या वहीत होते. पुढे साऱ्या गोष्टीचा उलगडा झाला तो त्या आकड्यांमुळेच.

काकांनी मला आधी त्यांचे किट दाखवले. पाण्यात ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो, ते हे किट. आपल्याकडे बहुतेक तलावांवर आजही तेच वापरात असते. त्यांनी थेंब टाकले आणि नळी गर्द पिवळी झाली, तक्त्यावरच्या शेवटच्या रंगापेक्षाही गडद. "बघ बाय, रंग हा. पण भिंतीक हात लाव," असे म्हणून त्यांनी मला पायरीची फरशी दाखवली. तिच्यावर बोट सरकत होते इतका बुळबुळीतपणा होता. व्यवस्थापक पिवळ्या रंगावर आणि वासावर विश्वास ठेवत होते, तर काका भिंतीवरच्या शेवाळावर. मला दोघांचेही खरे वाटले, कारण दोघेही डोळ्यांनी दिसत होते तेच सांगत होते.

ऑर्थोटॉलिडीनचे किट एकूण क्लोरीन दाखवते. त्यातले किती मोकळे आहे, म्हणजे जंतू मारायला तयार आहे, आणि किती अमोनियासारख्या पदार्थाला बांधले जाऊन क्लोरामाइन झाले आहे, हे त्या पिवळ्या रंगातून कळत नाही. त्यासाठी डीपीडीच्या गोळ्या वापराव्या लागतात. एक नंबरची गोळी मोकळे क्लोरीन दाखवते आणि त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळते. एक नंबरची गोळी मी चुरडून नळीत टाकली, तेव्हा पाणी जवळजवळ रंगहीनच राहिले, अगदी फिकट गुलाबी झाक, 0.2 पीपीएमच्या आसपास (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग). हे वाचन ताबडतोब घ्यावे लागते, कारण क्लोरामाइन असले की रंग हळूहळू चढत जातो आणि उशीर करणाऱ्याला नसलेले क्लोरीन दिसू लागते. मग तीन नंबरची गोळी टाकली, आणि दोन मिनिटांत नळी गडद किरमिजी झाली. नमुना निम्मे डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा मोजला तेव्हा एकूण क्लोरीन 6 पीपीएम भरले. म्हणजे तलावातील जवळपास सगळे क्लोरीन बांधलेले होते. डोळे झोंबवणारा तो वास क्लोरामाइनचाच, आणि शेवाळ वाढत होते त्याचे कारणही हेच, कारण क्लोरामाइनची जंतू मारण्याची ताकद मोकळ्या क्लोरीनपेक्षा फारच कमी असते.

पण मग हा अमोनिया आला कुठून? पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी हे त्याचे नेहमीचे कारण. इथे मात्र त्या दोन पाहुण्यांखेरीज साडेचार महिने कोणी पाण्यात उतरलेच नव्हते. व्यवस्थापकांना शेजारच्या नारळाच्या बागेतील खताची शंका होती. ती शंका वावगी नव्हती, म्हणून मी मत्स्यालयवाले वापरतात त्या किटने अमोनिया तपासला. हिरवा रंग सुमारे 2 पीपीएमपर्यंत गेला. अमोनिया आहे हे नक्की झाले, पण तो कुठला हे अजून ठरायचे होते.

म्हणून मी वही उघडली. मेमध्ये सायन्युरिक आम्ल 70 पीपीएम होते. उन्हातील अतिनील किरणांपासून क्लोरीनला वाचवणारा हा पदार्थ, ज्याला आम्ही स्टॅबिलायझर म्हणतो. हंगामभर टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या, क्लोरीन सोडणाऱ्या गोळ्या वापरल्या की तो आपोआप साठत जातो, कारण त्या गोळ्यांमधून 10 पीपीएम क्लोरीन मिळाले तर सोबत सुमारे 6 पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात राहते. ते मोजायची पद्धत साधी आहे. नमुन्यात मेलामाइनचे द्रावण मिसळले की पाणी दुधाळ होते. ते उभ्या नळीत ओतत जायचे आणि तळाचा काळा ठिपका कुठल्या रेघेवर दिसेनासा होतो ते बघायचे. मी ओतत गेले, नळी काठोकाठ भरली, तरी ठिपका स्वच्छ दिसत होता. म्हणजे 20 पीपीएमपेक्षाही कमी, कदाचित शून्यच.

मनात पहिला विचार पावसाचाच आला. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तलाव उघडा असता तर सगळे जुने पाणी वाहून गेले असते. पण हा तलाव ताडपत्रीखाली होता, आणि पाणी किती पातळ झाले हे ओळखण्याचा एक भरवशाचा खुणेचा दगड असतो, तो म्हणजे कठीणपणा. पाण्यातील कॅल्शियम कोणी खात नाही आणि ते उडूनही जात नाही. काका कॅल्शियम असलेली ब्लीचिंग पावडर वापरत नव्हते, द्रवरूप हायपो वापरत होते, त्यामुळे बाहेरून कॅल्शियमही पडलेले नव्हते. मेमध्ये कठीणपणा 260 होता आणि आता 240 भरला. तेवढेच पाणी पावसाने मिसळले असेल, तर 70 चे सायन्युरिक आम्ल 64-65 वर उतरायला हवे होते. प्रत्यक्षात ते नाहीसेच झाले होते. जे पावसाने गेले नाही ते कोणीतरी खाल्ले असणार.

साचलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात काही जिवाणू सायन्युरिक आम्ल फोडतात आणि त्यातून शेवटी अमोनिया सुटतो. त्याच्या एका रेणूत नायट्रोजनचे तीन अणू असतात, त्यामुळे माल थोडा असला तरी अमोनिया पुष्कळ निघतो. थंड देशांत हिवाळ्यात झाकून ठेवलेल्या तलावांत हे घडते असे मी वाचले होते. आमच्याकडे हिवाळ्यात तलाव बंद होत नाहीत, म्हणून ते आपल्या कामाचे नाही असे मी धरून चालले होते. कोकणातील पावसाळा हाच आपल्या तलावांचा बंद हंगाम असतो, हे मला तेव्हा सुचायला हवे होते. तिथे पाणी थंड असते, इथे ऊबदार, म्हणजे जिवाणूंना अधिकच सोयीचे. आणि मेमध्ये विजेचे बिल वाचावे म्हणून पंप बंद करून ताडपत्री घट्ट ओढून घ्या, असे सांगणारी मीच होते. हे मी व्यवस्थापकांना तिथेच सांगितले. नारळाच्या बागेचा आणि काकांचा यात काही दोष नाही, हेही सांगितले.

आता किती क्लोरीन घालायचे हे ठरवायचे होते. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन घालत गेले की आधी क्लोरामाइन वाढते, एका मर्यादेनंतर जादा क्लोरीन त्या क्लोरामाइनलाच जाळू लागते, आणि ते सगळे जळून संपले की तिथून पुढे घातलेले क्लोरीन मोकळे राहते. त्या टप्प्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. तो नेमका कुठे आहे हे सूत्रावरून अंदाजाने काढता येते, पण पाण्यात शेवाळ आणि इतर घाण असल्यावर मी सूत्रापेक्षा बादल्यांवर अधिक विसंबते.

काकांनी सहा बादल्या आणल्या आणि आम्ही त्या सुरूच्या झाडाखाली, पूर्ण सावलीत मांडल्या. प्रत्येकीत तलावाचे 10 लिटर पाणी. हायपो मी येताना कुडाळहून ताजे आणले होते, कारण काकांचे कॅन मेपासून पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडले होते. पातळ करून मोजले तेव्हा त्याची ताकद निम्म्याहूनही कमी भरली. 'हायपोत जोर नाय' हे त्यांचे म्हणणे असे अक्षरशः खरे ठरले. 10 टक्क्यांचे ताजे हायपो मी दहापट पातळ केले. तसे केले की 10 लिटरच्या बादलीत 1 मिलिलिटर घातल्यावर बरोबर 1 पीपीएम क्लोरीन वाढते आणि हिशेब तोंडपाठ करता येतो. पहिली बादली तशीच ठेवली आणि पुढच्यांत बिनसुईच्या सिरिंजने 3, 6, 9, 12 आणि 15 मिलिलिटर घातले. लाकडी दांड्याने ढवळून तासभर थांबलो.

तासाने मी एकूण क्लोरीन मोजू लागले. पहिल्या बादलीत 6. दुसरीत, म्हणजे 3 घातले तिथे, 9. काका मान हलवत होते, त्यात नवल काहीच नव्हते. तिसऱ्या बादलीत 6 घातले होते आणि नळीने दाखवले 7. चौथीत 9 घातले होते, दाखवले 2. काकांनी माझ्या हातातून नळी घेतली, उजेडाकडे धरली, मग तिसरीचा रंग जवळ आणून पाहिला. "जास्ती घातला तर कमी कसा जाता गो बाय?" त्यांनी विचारले. पाचव्या बादलीत एकूण दीड आणि त्यात मोकळे एक. सहाव्या बादलीत 4, आणि एक नंबरच्या गोळीनेच नळी गुलाबी झाली, तीन नंबरच्या गोळीने तिच्यात फारशी भर पडली नाही. सहाव्या बादलीवर काकांनी वाकून वास घेतला आणि पहिल्या बादलीवरही घेतला. वास येत होता तो पहिल्या बादलीला, जिच्यात आम्ही थेंबभरही घातले नव्हते.

व्यवस्थापकांना मी त्या दोन बादल्या शेजारी ठेवून दाखवल्या. क्लोरीन उतरवण्यासाठी ते हायपो बंद करायला सांगणार होते. तसे केले असते तर पाणी दिवाळीपर्यंत सुधारले नसते. अकरा वर्षांत मी हे पटवून देताना पुष्कळदा थकले आहे, पण बादली पुढे असली की फार बोलावे लागत नाही.

पीएच 8 होता. एवढ्या पीएचला मोकळ्या क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा जोरकस हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, 7.5 ला तो सुमारे निम्मा होतो. म्हणून दुपारी पंप चालू ठेवून आधी हायड्रोक्लोरिक आम्ल पातळ करून, काठाकाठाने थोडे थोडे सोडले आणि पीएच 7.4 वर आणला. आम्लाची भांडी धुऊन दूर ठेवल्यावर, तीन तासांनीच हायपोचे कॅन जवळ आणू दिले. आम्ल आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि घाईत एकच मग दोन्हींत बुडवणारी माणसे मी पाहिली आहेत. या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही.

126 घनमीटर पाण्यात 1 पीपीएमसाठी 126 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 15 पीपीएमसाठी 1890 ग्रॅम, म्हणजे 10 टक्क्यांचे जवळपास 19 लिटर हायपो. भिंतींवर शेवाळही होते, म्हणून 20 लिटर धरले. दिवसा घालून उपयोग नव्हता. सायन्युरिक आम्ल उरलेले नसताना उघड्या उन्हात क्लोरीन तासाभरातच निम्म्यावर येऊ शकते. सूर्य समुद्रात उतरल्यावर काकांनी भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासल्या आणि मी पाणी परत येणाऱ्या तोंडापाशी हायपो सोडले. पंप रात्रभर चालू ठेवला, तलावाला दोरी बांधली. रात्री साडेआठला मोकळे 3.5 आणि बांधलेले 0.5 होते. इतक्या दिवसांत काकांना जे जमत नव्हते, ते एका संध्याकाळी झाले. पण हायपो ताजे असते आणि दिशा कळली असती, तर त्यांनाही ते जमलेच असते.

सकाळी उजाडण्याआधी मोजले तेव्हा मोकळे 1.8 होते. शेवाळ अजून क्लोरीन खात होते. दिवसभर गाळणी उलट धुतली, तळ व्हॅक्यूमने काढला आणि अंधार पडल्यावर पुन्हा हायपो दिले. माझ्या समाधानाची कसोटी रात्रीची असते. अंधार पडल्यावरचे आणि सूर्य उगवण्याआधीचे मोकळे क्लोरीन यांत 1 पीपीएमपेक्षा कमी फरक असेल, तर पाण्यात क्लोरीन खाणारे काही उरलेले नाही असे समजायचे, कारण रात्री ऊन नसते. तिसऱ्या पहाटे काकांनी स्वतः गोळी चुरडली. रात्री 4.5, पहाटे 4. बांधलेले क्लोरीन 0.2 वर आले होते. तळाच्या फरश्यांचे सांधे पहिल्यांदाच मोजता येतील इतके स्पष्ट दिसले.

त्यानंतरच 30 पीपीएमच्या हिशेबाने 3.8 किलो सायन्युरिक आम्ल सुती पिशवीत बांधून परतीच्या तोंडापुढे टांगले. ते विरघळायला काही दिवस लागतात. टीसीसीएच्या गोळ्या हंगामात मोजून वापरायच्या, एरवी ताजे हायपो, असे ठरले. पुढच्या पावसाळ्यात ताडपत्री असली तरी पंप रोज दोन तास चालेल आणि आठवड्यातून एकदा मोकळे क्लोरीन मोजले जाईल, हे व्यवस्थापकांनी माझ्यासमोर लिहून दिले. त्याचा विजेचा खर्च मी त्यांना आकडा मांडून सांगितला आणि त्यांनी तो मान्य केला.

निघताना काकांनी त्यांची नोंदवही आणली. 'क्लोरीन' असा एकच रकाना होता. पट्टी धरून त्यांनी त्याचे पेनाने दोन भाग केले, एकावर 'मोकळा' आणि दुसऱ्यावर 'एकूण' असे लिहिले, आणि त्या दिवसाचे पहिले दोन आकडे भरले.