तुम्ही विचारलंत म्हणून : फ्रोझन टिक्की आणि मुलांचा डबा

ऐरोलीत मी पाळणाघर चालवते आणि त्याआधी अन्नशास्त्र शिकलेली असल्यामुळे, संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले आईबाबा मला एक प्रश्न हमखास विचारतात : फ्रोझन टिक्की, नगेट्स, स्माइली किंवा पराठे डब्यात दिले तर चालतील का, आणि त्यांतले बरे कोणते हे पाकिटावरून कसे ओळखायचे? ज्यांना घरी पोहोचायलाच आठ वाजतात, त्यांचा हा प्रश्न आळसातून आलेला नसतो, त्यामुळे उपदेश बाजूला ठेवून उत्तर देते.

आधी फ्रीजरवरचा आळ काढून टाकते. गोठवल्याने अन्नातले सत्त्व निघून जाते, असे आजीआजोबा ठामपणे सांगतात. ते खरे नाही. मटार सोलल्यावर थोडा वेळ उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग गोठवतात. त्या पाण्यात क जीवनसत्त्वाचा काही अंश जातो, परंतु उणे १८ अंश सेल्सियसला पुढची घट फार मंदावते. उलट, शेंगांतला मटार तोडल्यापासून आपल्या ओट्यावर येईपर्यंत त्यातली साखर पिष्टात बदलत राहते. हिवाळ्यात वाशीच्या घाऊक बाजारात मटाराची आवक भरपूर असते तेव्हा ताजाच घ्यावा. एरवी ज्या पाकिटाच्या घटकांत ‘मटार’ एवढेच लिहिले आहे, ते निःशंकपणे घ्यावे. दाणे सुटे आहेत ना, हे मात्र बाहेरून चाचपून पाहावे. सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असेल, तर ते पाकीट वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले असण्याची शक्यता मोठी असते.

खरी अडचण गोठवण्याआधी काय काय मिसळले आहे, ही आहे. आणि ते पाहण्यासाठी पाकिटाची मागची बाजू वाचावी लागते. तिथे ‘दैनंदिन गरजेच्या इतके टक्के’ असे जे छापलेले असते ते २००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशेबाने असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाची गरज सुमारे १३६० किलोकॅलरी आहे, म्हणजे पाकिटावरचे १२ टक्के सोडियम त्याच्यासाठी जवळजवळ १८ टक्के होते, आणि तेही कंपनीने ठरवलेल्या एका वाढणीत. तुमचा मुलगा तेवढ्यावर थांबतो का, हे तुम्हालाच ठाऊक.

हा गुणाकार दुकानात उभे राहून कोणी करणार नाही, म्हणून मी एक सोपी पद्धत सांगते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते आणि २ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा त्यांच्या ऊर्जेच्या गरजेच्या प्रमाणात खाली आणायला सांगते. याचा अर्थ, वय कोणतेही असो, एका किलोकॅलरीमागे साधारण एक मिलिग्रॅम. तेव्हा १०० ग्रॅमच्या रकान्यात ऊर्जेचा आकडा आणि सोडियमचा आकडा शेजारी ठेवून पाहावेत. समजा ऊर्जा २०० आणि सोडियम ४५० असेल, तर तो पदार्थ मुलाच्या दिवसभराच्या अन्नाला परवडेल त्याच्या दुपटीहून अधिक खारट आहे. ही पद्धत टिक्की, नगेट्स, पराठे यांच्यासाठीच वापरावी; पालेभाज्यांत ऊर्जाच इतकी कमी असते की तिथे ती फसते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. नाव ‘पालक-कॉर्न’ असले तरी यादीत आधी बटाटा, मग ब्रेडचा चुरा, मग तेल आणि नंतर पालक, असे पुष्कळदा दिसते. ज्या घटकाचा पाकिटावर खास डंका पिटलेला असतो, त्याची टक्केवारी छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे; ती शोधावी, कारण पुढच्या बाजूवरच्या हिरव्यागार पानांपेक्षा ती प्रामाणिक असते. नगेट्समध्ये चिकन किती आणि वरचे आवरण किती, हेही असेच कळते. शिवाय यांतले बरेच पदार्थ कारखान्यातच एकदा तळून येतात आणि छापलेला स्निग्धांश पाकिटातल्या मालाचा असतो. घरी पुन्हा कढईत सोडल्यावर जे तेल आत शिरते, ते त्या आकड्यात नसते. म्हणून तव्यावर थोड्या तेलात किंवा एअर फ्रायरमध्ये करावे.

जे पाकिटावर बहुधा नसतेच, त्याची मला अधिक काळजी वाटते. लोहाचा आकडा छापण्याची सक्ती नाही, तंतूंचाही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मैदा आणि बटाट्याने पोट भरलेले मूल रात्री वरणभात, पालेभाजी किंवा अंडे बाजूला सारते. तेव्हा टिक्कीतून काय मिळाले याइतकाच, तिने ताटातून काय हुसकावले हाही प्रश्न असतो. त्यामुळे तिला जेवणाची जागा देऊ नये. पोळी-उसळीच्या डब्यात एखादी टिक्की तोंडी लावण्यापुरती ठेवावी.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला यांतले काहीही नको, कारण त्याच्या अन्नात वेगळे मीठ घालायचेच नसते. दोन वर्षांपर्यंतही मी नाहीच म्हणते. साधा गोठवलेला मटार मात्र शिजवून, कुस्करून द्यायला हरकत नाही. त्याहून मोठ्या मुलांना आठवड्यातून एखाद्या वेळी दिले तर मी डबा परत पाठवत नाही. फक्त सोबत केचपची पुडी नको. तिच्यात मीठही असते आणि साखरही, आणि मुले टिक्की अर्धी टाकून ती पुडी तेवढी चाटून संपवतात.